फिलोमेनच्या लेकाचं मळणीयंत्र

आमच्या फिलोमेनचा आसेंबे हुशार, यात वाद नाही. जिगिंशोर शहरात एका वेल्डरच्या हाताखाली राहून शिकला आणि गावी परतताना सायकलची मोडकी चाकं, साखळ्या, पत्रे असं काय काय होडीत घालून घेऊन आला. मग रोजची ठोकाठोक! मी शेजारीच राहते, कान किटले माझे.

त्यातून उभं राहिलं भात मळायचं यंत्र. सायकलच्या पायडलसारखा पायटा पायानं मारायचा, तारांचे आकडे ठोकलेला ढोल गरगरा फिरतो, त्यावर पेंढी धरली की दाणे झडतात. पहिल्या खेपेला दाणे उडाले अंगणभर आणि कोंबड्यांची चंगळ झाली. मग त्यानं वरून पत्रा वाकवून बसवला. पायटा उंच पडत होता, म्हणून मला उभं करून गुडघ्याचं माप घेतलं. म्हणाला, "ओदिल मावशी, भात तुडवून तुडवून टाचा फुटल्यात तुम्हा बायकांच्या. बघवत नाही मला." पोराचं मन चांगलं, तेही खरं.

पण शहाण्यानं यंत्र ठेवलं कुठे? गावाच्या मधोमध, सावरीच्या झाडाखाली! एक बाई फिरकली नाही.

फिरकणार कशी? आमच्यात माळ्यावरची कोठी म्हणजे त्या बाईची एकटीची. आत किती भात आहे ते नवऱ्यानं विचारू नये, लेकानं डोकावू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता चव्हाट्यावर पेंढ्या घेऊन गेलं की कुणाच्या किती ते सगळ्यांना दिसणारच. पण शहरात राहून ही एवढी गोष्ट त्याच्या डोक्यातून पार निघून गेली होती.

"अडाणी त्या अडाणीच!" तो आमच्यावरच डाफरला. "थांबा, माझ्या आईचंच भात मळून दाखवतो. अख्खी कोठी! दिवस मावळायच्या आत."

फिलोमेन तेव्हा कालवं काढायला खाडीवर गेली होती. यानं शिडी लावली. माझं डोकंच फिरलं. "उतर खाली, मेल्या! आईला तरी येऊ दे."

"मावशी, आईचं आणि माझं वेगळं आहे का काही?"

तोवर निम्मं गाव अंगणात जमलं. फिलोमेनची कोठी गावात सगळ्यांत भरलेली, असं जो तो म्हणायचा. आसेंबेनं पुढच्या पेंढ्या ओढून खाली टाकल्या, आत हात घातला आणि वरूनच बोंब मारली, "चोरी! चोरी झाली! मागं नुसता पेंढा कोंबलाय! कुणी नेलं माझ्या आईचं भात?"

झालं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. माळ्यावर चढायचं तर शेजारच्यानंच, म्हणजे संशय आमच्यावर. आणि कुंपणाशी, डोक्यावर कालवांची टोपली घेऊन, फिलोमेन उभी होती.

"कुणी नेलं नाही," ती म्हणाली. आवाज एवढासा. "पेंढा मीच भरलाय. उगाच लोकांवर आळ घेऊ नकोस."

"मग भात गेलं कुठे?"

"तुला गोण्या पाठवत होते ना रे होडीनं?"

आम्हाला चोर ठरू द्यायचं नव्हतं, म्हणून बाईनं इतकी वर्षं झाकून ठेवलेली मूठ भर अंगणात उघडली. आसेंबेला शिडीवरून उतरता येईना. एकेक माणूस निघून गेलं. मीही गेले.

त्यानंतर फिलोमेन विहिरीवर यायची ती आम्ही सगळ्या गेल्यावर. शेतात गाणं सुरू झालं की खाली वाकून काम करत राहायची. आसेंबे मला म्हणाला, "मावशी, त्या गोण्यांतलं मी मित्रांना बोलावून बोलावून खाऊ घातलं. वाटायचं, आईकडे काय, डोंगर आहे! लाज वाटते हो. तिच्या समोर जेवायला बसवत नाही." मी त्याला फाडकन बोलणार होते, पण त्याचं तोंड बघून पाण्याचा तांब्या पुढे केला.

त्यानं यंत्र खोललं. ढोल वेगळा, सांगाडा वेगळा, दोन बायका डोक्यावरून नेतील इतकं हलकं केलं. आता ज्या घरी मळणी असेल त्या घरच्या परसात यंत्र जातं, चटयांचा आडोसा होतो, आणि आसेंबे बाहेर पाठ करून बसतो. कुणी किती मळलं, विचारत नाही. मग मात्र बायका भांडायला लागल्या, आधी मला, आधी मला! माझ्या टाचा या वर्षी फुटल्या नाहीत.

फिलोमेननं कधी मागितलं नाही. एके दिवशी त्यानंच तिच्या परसात नेऊन जुळवून दिलं आणि बाहेर येऊन बसला. आता मळायला काय होतं तिच्याकडे? त्या खाली टाकलेल्या चार पेंढ्या.

पेंढी लागली की ढोल खरखरतो, जड फिरतो. रिकामा फिरला की तारा नुसत्या झणझणतात. आतून थोडी खरखर आली आणि मग झणझण सुरू झाली, ती थांबेचना. उन्हं कलली तरी बाई पायटा मारतेच आहे. आम्ही विहिरीवर होतो. सगळ्यांना ऐकू येत होतं, सगळ्यांना कळत होतं.

शेवटी एक जण म्हणाली, "फिलोमेनचं भात बरंच निघतंय गं."

"निघणारच," मी म्हटलं. "तिची कोठी केवढी मोठी."

आसेंबे कुंपणाला टेकून बसला होता. त्यानं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.