गोळीनं उपास मोडत नाही

सासूबाईंचा पाय साखरेनं गेला. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्याखालून सगळा. पट्टी मीच बदलायचे. म्हणून मलाही साखर निघाली, तेव्हा घरी येऊन मी आधी दोन्ही पावलं उन्हात धरली आणि बोटं मोजली. दहाच होती, तरी दोनदा मोजली.

मी तेव्हा पन्नाशीची. त्या साली दुष्काळ असा, की छावणीतल्या गुरांच्या बरगड्या रस्त्यावरून दिसायच्या. आणि मी आपली दूध संस्थेच्या खुर्चीतून दोन्हीकडून सांडत होते. उपास आठवड्याला दोन. पण साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, वर रताळी. देवाला वाटत असेल, खाते ती खाते, वर माझं नाव सांगते.

मग गावात दोनच वेळा जेवायचं खूळ आलं. दुपारी बाराला एकदा, संध्याकाळी सहाला एकदा, मधे नुसतं पाणी. वजन उतरतं, साखर उतरते, असं फोनवर कुणीतरी सांगतं म्हणे. मी थेट देव्हाऱ्यापुढे हळदीकुंकू वाहून बोलले, "सव्वा महिना पाळीन." डॉक्टरला विचारलं नाही. उपास देवाला बोलायचा का डॉक्टरला? एवढी अक्कल होती बाईला.

सकाळची साखरेची गोळी मात्र चुकवली नाही. पाण्यानं आणि औषधानं उपास मोडत नाही, हे आमच्याकडे लहान पोरीलाही ठाऊक.

नवव्या दिवशी सकाळी संस्थेत दूध मापत होते. अचानक माप हातात कापायला लागलं. लुगडं घामानं चिंब. समोरच्या बाईचे ओठ हलत होते आणि ती कोण, तेच मला आठवेना. माझ्याच गल्लीतली! इतकी भ्याले नव्हते मी बाळंतपणातही. वाटलं, पाय राहिला बाजूला, मीच चालले.

धाकटी जाऊ संस्थेत माझ्याबरोबरच कामाला. तिच्या आईला साखर, म्हणून तिनं ओळखलं. चहाच्या डब्यातली मूठभर साखर घेऊन धावत आली.

"बाई, तोंड उघडा."

मी दात आवळले. "उपास हाय माझा. अन् ते तर विष हाय मला."

"मेल्यावर सोडता का उपास? उघडा म्हणते ना!"

मी मान फिरवली. तिनं लेकराला औषध पाजावं तसं माझं नाक दाबलं आणि साखर कोंबली. घटकाभरानं रांगेतल्या म्हातारीचा आवाज कानावर आला, "लई दिवसांची हौस फेडली गं जावंनं!" शब्द कळले, तेव्हा समजलं, जिवंत आहे.

चौसाळ्याचे डॉक्टर म्हणाले, "मावशी, गोळी साखर खाली ओढते. पोटात दाणा नसला तर ती तुम्हालाच ओढणार." त्यांनी गोळी कमी केली, जेवणासोबत घ्यायला लावली. "उपास करा, पण मला सांगून. हात कापले तर घड्याळ बघू नका, आधी गोड खा."

सव्वा महिना पुरा केला. पोलकी सैल झाली, साखरही उतरली. भीती तेवढी उतरली नाही. पूर्वी साखर वाढायचीच भीती होती, आता घटायचीही आहे. बोटाला सुई टोचली की मी डोळे मिटते आणि आकडा जावेला वाचायला लावते. ती चष्मा शोधत बसते, आणि तेवढा वेळ मी मिटल्या डोळ्यांनीच पावलांची बोटं मोजते.