घंटा वाजली तरी हात न उचलण्याचं शिक्षण

सदर कर्मचारी स्त्री असून अतिदक्षता विभागात परिचारिका या पदावर दीर्घकाळ कार्यरत आहे. वक्तशीरपणा: समाधानकारक. कार्यकौशल्य: समाधानकारक. भावनिक समतोल: सुधारणेस वाव. तपशील: रुग्णाच्या मृत्यूची वेळ जाहीर होत असताना कर्मचारी हसली. उपाय: सजगता प्रशिक्षण. तदनंतर प्रशिक्षकाच्या अभिप्रायानुसार विभागात कायम ठेवणे अथवा कापड-भांडारात बदली करणे.

का हसली, हे त्या अहवालात नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

विभागातलं भिंतीवरचं घड्याळ कित्येक महिने बंद होतं. जुन्या माणसांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तिकडे कोणाची नजरच जात नसे. त्या सकाळी एक डॉक्टर नवीन होते. त्यांनी गंभीर चेहऱ्यानं भिंतीकडे पाहिलं आणि जी वेळ सांगितली, ती यायला अजून अर्धा दिवस होता. म्हणजे सरकारी हिशेबानं नुकतेच गेलेले म्हातारबुवा दुपारच्या जेवणापर्यंत तरी हयात होते. तिला हसू फुटलं. दारात म्हातारबुवांचा मुलगा उभा होता. त्यानं ते पाहिलं.

विभागात तिला 'घार' म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ठाऊक होतं. एका खाटेवर औषध देताना पलीकडच्या खाटेवरच्या माणसाचे ओठ निळे पडू लागलेत हे तिला पाठीनं दिसतं, अशी तिची ख्याती होती. त्या दिवशी घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "हसू आलं त्याचं मला काही वाटत नाही. दुसरं काही आलंच नाही."

"म्हणजे?"

"इतके दिवस त्यांचं सगळं केलं मी. गेले, तर नुसतं हसू आलं."

नवऱ्यानं थोडा विचार केला आणि कापड-भांडार काही वाईट नाही असं सुचवून पाहिलं. चादरी मोजायच्या, फाटक्या बाजूला काढायच्या. चादरींना कधी काही होत नाही. घारीनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो पाणी प्यायला उठला.

प्रशिक्षण व्याख्यानाच्या खोलीत भरे, विभागातल्या आणखी काही परिचारिकांसह. खुर्च्या गोल मांडलेल्या, बूट दाराबाहेर. प्रशिक्षक चाळिशीचे, मोजे घालून वावरणारे, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांना पहिल्याच दिवशी 'मोजेवाले सर' हे नाव पडलं. मनुष्य सज्जन होता. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले, खांदे सैल सोडायला सांगितले, आवाज येतील-जातील, त्यांच्या मागे धावू नका म्हणाले. परिचारिकांनी तंतोतंत ऐकलं. थोड्याच वेळात निम्म्याजणी बसल्या बसल्या गाढ झोपल्या होत्या.

मग सत्र संपल्याची खूण म्हणून सरांनी छोटी घंटा वाजवली.

औषधाचा पंप रिकामा होत आला की नेमका याच सुरात वाजतो. खोलीतल्या सगळ्यांचे उजवे हात एकदम उठले आणि हवेतलं बटण दाबून खाली आले. एकजण तर डोळे न उघडताच "आले, आले" म्हणाली. सर घंटा हातात धरून पाहत राहिले. त्यांनी बँकेतल्या लोकांना शिकवलं होतं, शिक्षकांना शिकवलं होतं. असं कुठं झालं नव्हतं.

पुढच्या वेळी घंटा आणली नाही. श्वासाकडे लक्ष द्या म्हणाले. नंतर प्रत्येकीला काय जाणवलं ते विचारलं.

"बावीस," घार म्हणाली.

"काय बावीस?"

"मिनिटाला. जरा जास्तच आहेत. जिना चढून आले ना."

"मोजायचे नाहीत, ताई. नुसते बघायचे."

"न मोजता बघायचे म्हणजे त्यात बघायचं काय?"

शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं. सरांनी मात्र प्रश्न चांगला आहे असं म्हटलं, आणि ते पुढच्या खुर्चीकडे वळले.

घरी सराव करायचा होता. ती खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली. सासूबाई दोनदा येऊन बघून गेल्या. तिसऱ्यांदा थांबल्या.

"काय करतेस गं?"

"श्वास बघतेय, आई."

"येतोय ना?"

"येतोय."

"मग ऊठ. भाजी चिरायची राहिलीय."

सत्रं संपत आली तरी घारीचे डोळे मिटलेले राहत नव्हते. मिटले की पापण्या फडफडायच्या आणि ती खोलीभर नजर फिरवून घ्यायची. तिला ठाऊक होतं की मोजेवाले सर बघताहेत, आणि अभिप्राय त्यांनाच द्यायचाय. एकदा सगळ्याजणी बूट घालत असताना सरांनी तिला मागे थांबवलं.

"डोळे मिटल्यावर काय होतं?"

तिनं खरं सांगून टाकलं. "कुणीतरी माझ्या भरवशावर पडलंय आणि मी बघत नाहीये, असं वाटतं."

"उघडे ठेवून करा मग."

"चालतं?"

"मला चालतं. दिवसभरात असं एखादं काम सांगा, की ज्यात दुसरं काहीच करता येत नाही."

ती विचारात पडली. पंप लावताना फोन घेता येतो, नोंदी लिहिताना नातेवाइकांशी बोलता येतं. "हात धुणं," ती म्हणाली. एका खाटेकडून दुसरीकडे जाताना दरवेळी धुवावेच लागतात, आणि तेवढ्यापुरते दोन्ही हात अडकलेले असतात.

"तेवढंच करा. पाणी लागतंय, एवढंच बघा."

तिला हे फारच सोपं वाटलं, म्हणून तिचा विश्वास बसला नाही. तरी करून पाहिलं. पहिल्यांदा लक्षात आलं की पाणी गार असतं. एवढी वर्षं ते गारच असणार, पण ही बातमी तिच्यापर्यंत पोचली नव्हती. हळूहळू ती नळापाशी जरा जास्त रेंगाळू लागली. मागे रांग लागे.

"बाई, मोक्ष मिळाला असेल तर नळ सोडा," मागची म्हणायची.

"थांब गं, अंगठा राहिलाय."

मग एका दुपारी कोपऱ्यातल्या खाटेवरची शिंपीणबाई गेली. शुद्धीत असताना ती रोज घारीच्या गणवेशाच्या शिलाईला नावं ठेवायची. बाही कोणी लावली म्हणून विचारायची आणि उत्तर ऐकून मान हलवायची. डॉक्टरांनी या वेळी मनगटावरच्या घड्याळात पाहून वेळ सांगितली. घारीनं नळ्या काढल्या, चादर नीट केली, बाईची बहीण बाहेर बसली होती तिला आत आणलं, खुर्ची दिली. मग हात धुवायला गेली.

पाणी गार होतं. हात धुऊन झाले तरी तिनं नळ बंद केला नाही. तिच्या डाव्या बाहीचा खांद्याकडचा एक टाका खरोखरच तिरका होता, आणि आता तो तिला दिसत होता. खांदे हलू लागले. मागची परिचारिका काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात तिला ते खांदे दिसले आणि ती घारीच्या दोन खाटा स्वतःच बघायला गेली.

शेवटच्या सत्रात घारीनं सरांना हे सांगितलं. सांगताना ती चोरी पकडली गेल्यासारखी खाली बघत होती. "रडले मी. ड्यूटीवर. हेही अभिप्रायात लिहावं लागेल ना?"

"लिहावं लागेल," सर म्हणाले.

त्यांनी काय लिहिलं ते मेट्रनबाईंनी तिला वाचून दाखवलं. सदर कर्मचारी भावनिक प्रतिसाद देण्यास सक्षम असून प्रशिक्षणाचा तिला अपेक्षित लाभ झाला आहे. ताणाची पातळी आटोक्यात. अतिदक्षता विभागातच कायम ठेवावे. मेट्रनबाईंनी कागद मिटला आणि कापड-भांडाराचा विषय संपला असं सांगितलं. प्रशिक्षण इतकं यशस्वी झालं होतं की दुसरी तुकडीही लगेच सुरू करण्यात आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी संपली तेव्हा घारीला सोडवायला येणारी परिचारिका आली नाही. ती प्रशिक्षणाला गेली होती. दुपारची पाळीही घारीनंच केली.