सतरा मोटरींचा नंबर

बोरी अरबच्या बाहेर, बंजारा तांड्यातल्या शेवटच्या घरात भारत राठोड दिवसभर चिपशी बोलत बसतो. म्हणजे तांड्याचं म्हणणं तसं. लोकांच्या लेखी तो मोटरवाला. लाइट आली की विहिरीवरची मोटर आपोआप सुरू करणारी पत्र्याची पेटी तो बनवतो, एवढंच त्यांना ठाऊक. त्या पेटीत नखाएवढी चिप असते, तिच्यात जेमतेम दोन हजार अक्षरं मावतात, आणि तेवढ्यात सगळं बसवायचं तर थेट चिपच्याच भाषेत, एकेक अक्षर वाचवत लिहावं लागतं, हे तो कुणाला सांगणार? एकदा सांगून पाहिलं होतं. ऐकणाऱ्याने जांभई दिली.

जांभई न देणारा एकच होता, नयन. रामरावांचा मुलगा. दोघांच्या शेतांचा बांध एक, दारव्ह्याला शिकायला जायची जीपही एक. ही पेटी दोघांनी मिळून केली आणि नाल्याकाठच्या सतरा विहिरींवर बसवली. तीन वर्षांपूर्वी नयन नोकरीसाठी हैदराबादला निघाला. जीपच्या टपावर त्याची बॅग चढवता चढवता भारत बोलून गेला, "तू फक्त आपलंच पाहतो बे. पयल्यापासून." नयन जीपमध्ये चढला. त्यानंतर ना याने फोन केला, ना त्याने. दोघंही सारखेच आडमुठे.

मागे राहिला तो प्रोग्राम. त्यात नयनने जागोजागी शेरे लिहून ठेवले आहेत. शेरे चिपमध्ये जात नाहीत. ते वाचणाऱ्या माणसासाठी असतात, आणि वाचणारा आता एकटा भारत. 'बटण दाबलं की थरथरते, वीस मिलीसेकंद थांब, मंग वाच.' 'भारत्या, बेरीज दोनशे पंचावन्नच्या वर गेली की पुन्हा शून्यावर येते, ध्यानात ठेव.' ऊसतोडीला निम्मा तांडा गेला की दुपारी बाहेर चिटपाखरू नसतं. मग काम नसतानाही भारत ते शेरे उघडून वाचतो. मित्राची आठवण येते म्हणून वाचतो, पण हे कबूल करायची त्याला लाज वाटते. असल्या युक्त्या तो इंटरनेटवर मराठीत लिहितोही. वाचणारे अकरा आहेत, त्यातला एक तो स्वतः.

एका शेऱ्याचा अर्थ मात्र त्याला कधी लागला नव्हता. 'हे काढू नको. काहून, ते सांगतो नंतर.' त्याखाली सतरा आकडे होते. लाइट आली की प्रत्येक पेटी आपल्या आकड्याप्रमाणे, एकाला दहा सेकंद या हिशेबाने, थांबायची आणि मग मोटर उठवायची. कसल्यातरी चाचणीचा उरलेला पसारा असेल, असं भारतने धरून ठेवलं होतं.

गेल्या महिन्यात रामराव तक्रार घेऊन आले. "भारत, माही मोटर सगळ्याइच्या मांगून काहून उठते? आठ मिनिटं लागते. लोकाइचं पाणी दांडात येऊन राह्यलं, आन् मी बसतो पाहत."

"काढून टाकतो काका."

विहीर आटली की मोटर बंद करायची सोय त्याला घालायची होती, त्यासाठी चिपमध्ये जागा हवीच होती. त्याने ते आकडे उडवले, दोन दिवसांत सतराही चिपा बदलल्या, आणि वर शहाणपणाने इंटरनेटवर लिहिलं: ज्या ओळींचं काम कळत नाही, त्या काढून टाका.

सोमवारी दहाला लाइट आली आणि डीपी, म्हणजे सतराही मोटरींना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली.

लाइनमन खांबावरून उतरला. "सतरा मोटरी एकाच दमात उठल्या. कोणती डीपी टिकन? इतके वर्षं कशी टिकली, तेच समजून नाही राह्यलं."

भारतला समजलं. आपली डीपी लय दमदार म्हणून शिवारातले लोक फुशारकी मारत. डीपीचा दम कसला! नयनने सतरा मोटरींना मुकाट्याने रांगेत उभं केलं होतं.

हरभरा पाण्यावर आला होता आणि नव्या डीपीला आठ-नऊ दिवस लागणार होते. विहीरवाल्यांपैकी खेमसिंगने सगळ्यांच्या वतीने बजावलं, "पुन्हा असं झालं तं पेट्या नाल्यात फेकून देऊ." त्याचं चुकत नव्हतं. पण पेट्या गेल्या असत्या तर नयनबरोबर केलेलं काहीच शिल्लक राहिलं नसतं, आणि भारतला पोटापाण्यापेक्षा त्याचीच धास्ती वाटली.

जुना प्रोग्राम त्याने सांभाळून ठेवला होता. ही एक युक्ती तो स्वतःही पाळायचा. आकडे परत घालताना त्याने पहिल्यांदाच वही काढून कोणता आकडा कुणाचा ते ताडून पाहिलं. शून्य, म्हणजे लाइट आल्याबरोबर उठणारी मोटर, त्याच्या याडीच्या, म्हणजे आईच्या, विहिरीवरची. तिच्यामागे तीन, एकट्या राहणाऱ्या लालीबाईचा. खेमसिंगचा बारा. असं करत करत सगळ्यात शेवटी अठ्ठेचाळीस, रामरावांचा. नयनच्या स्वतःच्या घरचा.

आणि ह्या माणसाला आपण जीपपाशी काय म्हणालो होतो! भारत रडला. दिवसाढवळ्या, दार सताड उघडं टाकून रडला. बघायला होतंच कोण? मग त्याने नयनला फोन लावला. तो नंबर केव्हाच बंद झाला होता, आणि नवा रामरावांकडे मागायला त्याची जीभ रेटेना.

इंटरनेटवरची टीप त्याने पुसली आणि तिथे लिहिलं: ओळ काढण्याआधी, ती लिहिणाऱ्याला विचारा. मग चिपा भरायला बसला. पंधरा आकडे होते तसेच ठेवले, फक्त दोन बदलले.

नऊ दिवसांनी, बुधवारी, नवी डीपी बसली. दहाला लाइट आली तेव्हा भारत आपल्या विहिरीवर बसला होता. बांधापलीकडे रामरावांची मोटर घुरघुरली. अर्ध्या मिनिटाने लालीबाईची. तो बोटांवर मोजू लागला, तेवढ्यात फोन वाजला. रामराव होते.

"भारत, माही पयली उठली बे! रविवारी नयनचा फोन येते. सांगतो त्याले, भारतनं माहं काम केलं म्हून."

"सांगा काका. आन् एवढं सांगजा, माही आता शेवटची हाये. अठ्ठेचाळीस."

"अठ्ठेचाळीस म्हंजे काय?"

"त्याले समजते."

याडी बांधावरून आली आणि गोरबोलीत विचारू लागली, आपली मोटर बिघडली की काय. आपला नंबर यायचा आहे, असं सांगून त्याने तिला शेजारी बसवलं. एकेक करत सोळा मोटरी उठल्या, शिवारभर पाणी धावू लागलं, आणि मायलेक आपल्या गप्प मोटरीपाशी बसून राहिले. शेवटी तीही उठली. याडी पाण्याचा दांड धरायला गेली, भारत मात्र फोन हातात घेऊन तिथेच बसला. रविवारला अजून चार दिवस होते.