आमाला दिसलेला मिस्त्री

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. कुणी भुताचा किस्सा सुरू केला की मी सरळ विचारतो, "तेव्हा तू नीट जागा होतास का?" त्यामुळे हे वाचून तुम्ही माझ्यावर संशय घेतलात तरी राग नाही… मी स्वतः अजून सगळ्यांवर घेतोय.

मी भिवंडीचा, टेमघरला राहतो. आमचा पॉवरलूमचा कारखाना होता. लूम चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळे हातवारे करून बोलतात. त्यातली एक खूण फक्त आमच्या कारखान्यात होती — उजव्या हाताने डावं मनगट घट्ट धरायचं आणि दोन्ही हात डोक्यावर न्यायचे. म्हणजे, माणूस अडकलाय, मशीन बंद कर! ती माझ्या रऊफचाचाने ठरवलेली. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं लूममध्ये गेली तेव्हा तो ओरडत होता आणि कुणाला कळलंच नव्हतं. पुढे चाचा वारला, कारखाना विकला, आणि मी गोदामांचे पत्र्याचे शेड उभारायच्या धंद्यात आलो.

नेपाळच्या भूकंपानंतर लोकांना तात्पुरती घरं बांधून द्यायला एक ग्रुप निघाला, त्यात मी गेलो. सोबत माझा पार्टनर, मानकोलीचा नीलेश. काठमांडूपासून बरंच लांब, डोंगरातलं गाव. पडलेल्या घराची जागा जेसीबीने सपाट करायची आणि त्यावर पत्र्याची खोली उभी करायची, असं काम.

तिथे एक म्हातारी होती, सगळे तिला आमा म्हणायचे, म्हणजे आई. रोज समोरच्या बांधावर बसून आमच्याकडे टक लावून बघायची. आमचे पत्रे एकदा कमी भरले होते, त्यामुळे मला तिचा भलताच संशय.

"ही माल बघून ठेवते," मी नीलेशला म्हणालो.

"तुला तं आपले सावलीचा पन डाऊट येतो," तो म्हणाला.

मग आमाच्याच घराची पाळी आली. खालची गुरांची खोली अर्धी शाबूत होती, ती दगडमातीने बुजवायची होती. मुलगा धनबहादुर बाजारात गेलाय असं तिनेच सांगितलं होतं. मी ऑपरेटरला इशारे देत होतो, तेवढ्यात बांधावर आमा उठून उभी राहिली. हसत हसत तिने डावं मनगट धरलं… आणि दोन्ही हात डोक्यावर नेले.

मला वाटलं, म्हातारीचं नाटक. तिने पुन्हा तेच केलं.

मग मात्र विचार केलाच नाही. ती खूण दिसली की धावायचं, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. मी जेसीबीला आडवा गेलो. ऑपरेटरने शिव्या घालत इंजिन बंद केलं. आणि खालून दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला…

धनबहादुर आत होता! बाजारातून लवकर परतून, बियाण्याचा मका काढायला तो मागच्या भोकातून उतरला होता आणि जेसीबीच्या हादऱ्याने ते भोक बुजलं. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. आम्ही त्याला वर ओढल्यावर आमा मटकन खाली बसली. तिला काहीच माहीत नव्हतं.

मग ती खूण कुठून आली? धनबहादुर दिल्लीत हॉटेलात राबलेला, हिंदी बोलायचा. त्याने आईला विचारलं आणि जरा गोंधळूनच सांगितलं, "माँ बोलती है, आपके पीछे आपका बूढ़ा मिस्त्री खड़ा था, लुंगीवाला. वही ऐसा कर रहा था. माँ को लगा नमस्ते करता है, तो उसने भी किया."

"कोन मिस्त्री? मी व्हतो ना याचे मागं! तिथं कोनी न्हवता!" नीलेश उसळलाच.

आमाने त्याच्याकडे पाहिलं आणि आपल्या डाव्या हाताची दोन बोटं मुडपून दाखवली.

चाचाची तीच दोन बोटं गेली होती. तरी मी खोदून खोदून विचारलं. धनबहादुर भिवंडीला कधी आला होता? नाही. माझ्या मोबाईलमधला फोटो कुणी दाखवला? पण चाचा तर फोटोत तो हात कायम पाठीमागे लपवायचा. नीलेशने चाचाला कधी पाहिलंच नव्हतं. धागा कुठेच लागेना… आजही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनबहादुर स्वतः चहा घेऊन आला. मला एक ग्लास, नीलेशला एक, आणि आईने बजावलं होतं म्हणून तिसरा माझ्या शेजारच्या रिकाम्या दगडावर. चाचाची बोटं गेली त्या दिवशी त्याच्यासाठी कुणीच मशीन बंद केलं नव्हतं, हे आठवलं आणि मला रडू आवरेना. तिसरा चहा तसाच थंड होत गेला. तो उचलायची माझी हिंमत झाली नाही… आणि तिथे कोणी नव्हतं म्हणणाऱ्या नीलेशचीही नाही.