भाव उतरायची वाट

नागपूरला एकदा दोन माणसांच्या हलक्या विमानात बसलो आणि तसलंच एक आपलं असावं, हे डोक्यात शिरलं ते शिरलंच. तेव्हा मी सिंदीच्या शाळेत नवा मास्तर होतो. किंमत विचारली, तर घरची अर्धी शेती विकावी लागत होती. बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आताच नोको घेऊ. थांब जरा, भाव पाहू."

आमच्याकडे कापसाचं असंच करतात. भाव पटला नाही की गाडी परत आणायची, कापूस खोलीत भरायचा आणि थांबायचं. मीही थांबलो. दरवर्षी फोन करून किंमत विचारत राहिलो. कधी डॉलर चढलेला असे, कधी बाहेरून येणारं इंजिन महागलेलं, कधी कर वाढलेला. थांबून फायदा झाला तर विकणाऱ्याचा होतो, आणि मी तर घेणारा होतो, हे घरात कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

परवा पुन्हा फोन केला. आता सगळी शेती आणि राहतं घर विकूनही विमान येत नाही. वर विमान विकणाऱ्या माणसानं माझं वय विचारलं आणि सत्तर ऐकून, नातवासाठी घेताय का, असंही विचारलं. मी फोन आपटला.

बायको तूर निवडत बसली होती. "काऊन चिडून राह्यले?"

"भाव उतरूनच नाई राह्यला."

सुपावरची नजर न काढता ती म्हणाली, "लय दिवस घरात ठेवला की कापूस पिवळा पडते जी."