अप्पांच्या रेडिओवरचा माझा लाल टॅग

मी कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे, सव्वीस वर्षं झाली. आमच्या लाईनमध्ये भूतबित काही नसतं. टेस्टर पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही — विषय संपला. बायको जेवताना असले अनुभव वाचून दाखवायची तेव्हा मी म्हणायचो, "या लोकांच्या घरचं अर्थिंग बघा आधी." आता मीच लिहायला बसलोय. हसायचं तर हसा.

मी पेणला राहतो, कंपनी धाटावला. वडील — अप्पा — रोह्याला, अष्टमी गावात. आई गेल्यापासून एकटेच. पेणला चला म्हटलं की म्हणायचे, "नाय रे, मला इथंच बरं हाय." कंपनीची बस रोज त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून जाते, सकाळी आणि संध्याकाळी. पण कंपनीची बस मधे कुठे थांबवायची नाही असं आमच्यात ठरूनच गेलेलं. येताना उतरलो असतो तर एसटीने पेणला आलो असतो, काय मोठं होतं... पण नाही उतरलो. महिन्यातला एखादा रविवार, तेवढंच.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर असाच एका रविवारी गेलो होतो. अप्पांकडे लाकडी पेटीचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ. त्याची वायर मागून सुटी होते, जुन्या इस्त्रीची व्हायची तशी. टोकाला काळा बॅकेलाइटचा दोन भोकांचा कनेक्टर. तो चिरलेला, त्यावर टेप गुंडाळलेली, एका बाजूला जळल्याचा डाग. माझं डोकंच फिरलं.

"अप्पा, तुम्ही स्वतः इलेक्ट्रिशियन होतात ना? आणि घरात हे असलं?"

"तू बदल मग," अप्पा म्हणाले. अगदी शांतपणे.

मी वायर उपसून पिशवीत टाकली. रेडिओ लावूनही बघितला नाही. आणि — आता सांगायला लाज वाटते — बॅगेत कंपनीचे लाल टॅग होते, त्यातला एक रेडिओच्या बटणाला बांधला. 'काम चालू आहे, चालू करू नये.' खाली माझं नाव, सही. कंपनीत मशीनवर काम करताना आम्ही असा टॅग लावतो आणि त्याचा नियम एकच — ज्याने लावला त्यानेच काढायचा. मोठा साहेब आला तरी हात लावत नाही. हा नियम मला अप्पांनीच शिकवलेला. त्यांच्या नोकरीत कुणीतरी दुसऱ्याचा टॅग काढून स्विच टाकला होता, त्यात अप्पांचा जोडीदार गेला.

अप्पांनी चष्मा लावून टॅग वाचला आणि हसले. "माझ्याच घरात मला टॅग लावतोस काय रे? बरं. आता तू येशील तेव्हाच."

मग माझी शोधाशोध सुरू झाली. पेणच्या बाजारपेठेतलं एक इलेक्ट्रिकलचं दुकान सोडलं नाही. इस्त्रीचा कनेक्टर मिळाला, त्याची भोकं मोठी. किटलीचा मिळाला, त्यात अंतर जास्त. वडखळला भंगारवाल्याकडे अख्खा ढीग उपसला. मोबाईलवर फोटो ढिगाने दिसतात, पण माप कोणी सांगत नाही. पेणला एक म्हातारे रेडिओ मेकॅनिक आहेत, सगळे चाचा म्हणतात. ते म्हणाले, "छोड दे रे. रेडिओ घेऊन ये, डायरेक्ट वायर सोल्डर करून देतो." फोनवर अप्पाही तेच म्हणाले. पण मला जुगाड चालत नाही ना! ओरिजिनलच लावणार म्हणून हटून बसलो. अर्ध्या तासाचं काम, चार महिने घालवले. आणि कनेक्टर नाही, तर रोह्याला जाऊन काय करायचं, असं म्हणून तो महिन्याचा रविवारही गेला.

अप्पांचा फोन सकाळी साडेसातच्या सुमारास यायचा, मी बसमध्ये असताना. तब्येतीचं काही बोलायचे नाहीत. एकच विचारायचे, "टॅग काढायला कधी येतोस?" मागे रेडिओसारखं काहीतरी वाजत असायचं... अभंग, मग खरखर, मग बातम्या. एकदा मी चिडलोच.

"अप्पा, दुसरी वायर लावलीत ना? टॅग काढलात?"

"तुझा टॅग मी कसा काढीन रे?"

टीव्ही असेल, असं धरून मी विषय सोडला.

माघात अप्पा गेले. सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. शेजारच्या सुमनकाकींचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होतो आणि बस अष्टमीच्या जवळच आली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ड्रायव्हरला म्हटलं, जरा थांबव. त्याने थांबवली. काही न विचारता, लगेच थांबवली.

तेरावं झालं, घराला कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडे. पंधरा दिवसांनी चाचांचा फोन — जुन्या डब्यात कनेक्टर सापडला होता, हुबेहूब तसाच. आता काय उपयोग? तरी रविवारी घेऊन रोह्याला गेलो. सुमनकाकी अंगणात वाल सोलत होत्या.

"आलास? तो रेडिओ बंद करून जा रे बाबा आता."

"कुठला रेडिओ?"

"अप्पांचा. रोज सकाळी लागतोय. मला वाटलं तूच मुद्दाम चालू ठेवून गेलास." मग त्याच म्हणाल्या, "आधी किती वर्षं बंद व्हता. तू वायर घेऊन गेलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागायला लागला. मी अप्पांना विचारलं, दुरुस्त झाला वाटतं? तर म्हणाले, नाय गो, पोरगा यायचा हाय अजून."

मी कुलूप उघडलं. रेडिओवर धूळ. बटणाला माझा टॅग, गाठ मीच मारलेली. मागच्या दोन पिना उघड्या, वायर नाही. सवयीने टेस्टर लावला, पेटला नाही. मग पेटीवर हात ठेवला. लाकूड कोमट होतं. आतले व्हॉल्व्ह तासभर चालल्यावर होतं ना, तेवढं. खिडक्या बंद, त्या भिंतीला ऊन येत नाही.

पिशवीतून वायर आणि चाचांचा कनेक्टर काढला. मग नवा कनेक्टर बसवला, नेमका बसला. माझ्या हाताने टॅग सोडला आणि बटण फिरवलं. काही नाही. साधी घूंसुद्धा नाही.

तसाच रेडिओ उचलून पेणला चाचांकडे नेला. त्यांनी मागचा पुठ्ठा काढला. ट्रान्सफॉर्मर जळून काळा, आत पालीच्या अंड्यांची टरफलं. "हा दहा वर्षं तरी बोललेला नाही," चाचा म्हणाले. "नुसती वायर लावून काय होणार होतं? तुझे वडील तर लाईनमधले, त्यांना माहीत असणारच."

माहीत होतंच त्यांना. त्यांना रेडिओ नकोच होता. मी परत यायला हवा होतो. आणि मी बाजारात भोकांची मापं घेत फिरत होतो. मूर्ख माणूस.

त्या दिवसापासून रेडिओ ऐकू येत नाही, असं सुमनकाकी सांगतात. त्यांना दुसऱ्या घरातला आवाज आला असेल, लाकडाचा कोमटपणा माझ्या मनाचा खेळ असेल, सगळं मान्य. पण फोनवर ते अभंग मी स्वतः ऐकलेत, त्यावरून अप्पांवर ओरडलोय. त्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. कोणाला कळलं तर सांगा.

तो टॅग माझ्या पाकिटात आहे. त्यावर सहीला दोन जागा असतात — लावणाऱ्याची, आणि काम पूर्ण करून काढणाऱ्याची. पहिली सही माझी आहे. दुसरी जागा कोरीच ठेवलीय. काम पूर्ण झालं, असं कुठल्या तोंडाने लिहू?