पप्पांची दुसरी फळी

माझ्या बापाला मरेपर्यंत मोटारसायकल चालवता आली नाही.

पण पिकअपमध्ये चढवता यायची. एकट्याला. भल्याभल्यांना जमत नाही ते.

आज पप्पांना जाऊन वर्ष झालं. फोटो टाकून दोन ओळी लिहिणार होते, पण आज जे झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

पप्पांनी शेवगावात लाकडाच्या वखारीत उभी हयात काढली. फळ्या लावून ट्रकमध्ये ओंडके चढवायचे.

मला नर्सची नोकरी लागली, पोस्टिंग खर्ड्याजवळच्या उपकेंद्रात. वस्त्या लांबलांब. म्हणून त्यांनी माझ्यासाठी सेकंडहँड मोटारसायकल आणली. स्कूटी का नाही, असं मम्मीनं विचारलं, तर म्हणाले, तिकडचे रस्ते बघितलेत का तू. विषय संपला.

सामान पिकअपनं जाणार होतं, तर गाडीपण त्यातच टाकू म्हणाले. त्यासाठी बाभळीच्या दोन फळ्या घरीच बनवल्या. आठ-आठ फुटांच्या. आडव्या पट्ट्या ठोकल्या, त्यावर जुन्या टायरचं रबर, आणि टोकाला पिकअपच्या मागच्या फाळक्यात अडकवायला लोखंडी आकडे.

एक फळी गाडीसाठी. दुसरी माणसासाठी.

हे दुसऱ्या फळीचं डोकं त्यांचंच. लोक एकच लावतात. मग गाडी वर जाते, माणूस खाली राहतो, हात पुरत नाहीत आणि गाडी त्याच्याच अंगावर येते.

इंजिन चालू, फर्स्ट गिअर, अर्धा क्लच, आणि बाजूच्या फळीवरून गाडीबरोबर चालत वर जायचं. गाडीतलं त्यांना एवढंच यायचं, पण काय झोकात यायचं! अख्खी गल्ली बघायला जमली होती. मग प्रार्थना झाली, मम्मीनं डोळे पुसले आणि मी न् पप्पा निघालो.

खर्ड्याला पोचलो. फाळका उघडला.

फळ्या शेवगावात. भिंतीला टेकवलेल्या.

मी अशी भडकले की विचारू नका. नोकरीचा पहिला दिवस, नवीन गाव, बघायला ही गर्दी, आणि माझे पप्पा डोकं खाजवत उभे.

"चढवायच्या नादात उतरवायचं ध्यानातच आलं न्हाई बघ."

शेवटी रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगाला पिकअप मागून टेकवली आणि गाडी ढिगावर उतरवली. अर्धा तास ती मुरमात रुतून बसली होती. माझ्या हाताखालच्या आशाताई आजही त्यावरून मला छळतात.

पाचव्या दिवशी पप्पा पुन्हा हजर. कांद्याच्या पिकअपमध्ये बसून, दोन्ही फळ्या घेऊन. मी म्हटलं, आता कशाला आणल्या, गाडी तर उतरली.

"राहू दे इथंच. इथनं बी पुढं जायचंय तुला."

तेव्हा मी हसले होते. कुठलं पुढं, इथंच अजून धड रुळले नव्हते.

मग फळ्या क्वार्टरच्या मागं उभ्या राहिल्या. मी त्यांच्यावर कुरडया वाळवल्या. ऊसतोडीला जाणारे शेजारी आपल्या गाड्या चढवायला न्यायचे आणि उन्हाळ्यात आणून द्यायचे. दरवर्षी मी बजावायचे, बाबांनो, फळ्या सोबत न्या, उतरवायच्या पण असतात.

गेल्या वर्षी पप्पा गेले.

आणि आता मला प्रमोशन मिळालं. पारनेर तालुक्यात. नेमकं आजच निघायचं होतं.

परवा दादाचा फोन आला. म्हणाला, गाडी तिथंच विकून टाक, तिकडं स्कूटी घे.

"चढवणार कोण? पप्पा न्हाईत आता."

दादा वाईट नाही. काळजीनंच बोलला. पण पप्पा नाहीत हे मला कुणी समजावून सांगायला पाहिजे का? ह्या गाडीवर लसीचे डबे बांधून मी वस्त्या पालथ्या घातल्या. ती विकायची म्हणजे पप्पांना पुन्हा एकदा माती द्यायची. मला नाही जमणार. फोन ठेवला आणि ठरवलं, चढवणार मीच.

सकाळी पिकअप आली. ड्रायव्हर म्हणाला, ताई, दोन माणसं बोलावतो. नको म्हटलं. तुम्ही फक्त गाडीच्या मागं उभे राहा. दोन्ही फळ्या फाळक्यात अडकवल्या.

पहिल्या वेळी निम्म्यात अडकले. हँडल माझ्या डोक्याच्या वर गेलं, क्लच सुटला, इंजिन बंद. गाडी मागं यायला लागली. ड्रायव्हरनं मागून रेटा दिला म्हणून वाचले.

खाली बसून रडले. सरळ सांगते, हुंदके देऊन रडले.

मग बघितलं तर माणसाची फळी कोरी, माझ्या पायाची धूळसुद्धा तिच्यावर नाही. मी जमिनीवरूनच ढकलत होते. इतक्या वर्षांची सवय, ती फळी पप्पांची. तिच्यावर पाय ठेवायचं माझ्या मनातच आलं नव्हतं.

उठले. चप्पल काढली. फळीवर पाय ठेवला.

बाभळ जराही हलली नाही. फर्स्ट गिअर, अर्धा क्लच, आणि गाडीबरोबर चालत वर गेले. एका दमात.

वर उभी राहून मी अशी ओरडले की आशाताई पळत बाहेर आल्या.

दोरी बांधली, सगळ्यांचा निरोप घेतला, निघालो. वेशीपर्यंत गेलो आणि मी ड्रायव्हरला म्हटलं, थांबा, थांबा.

फळ्या. भिंतीला टेकवलेल्या.

परत गेलो तर आशाताई दोन्ही फळ्यांजवळ कमरेवर हात ठेवून उभ्या.

पप्पा, तुमची लेक तुमच्यावरच गेली आहे.

पारनेर तालुक्यात पोचले. गाडी मीच उतरवली. दादाला फोटो पाठवला, त्यानं नुसता रडका इमोजी टाकलाय. फळ्या नव्या क्वार्टरच्या मागं उभ्या केल्यात.

इथनं बी पुढं जायचंय मला.

तुम्ही निवांत विसावा घ्या. येते, पप्पा.